ऊनाची चुकलेली आगबोट

धक्क्यावरच्या स्टेशनात, नुकत्याच गाडीतून उतरलेल्या मायलेकींचं बोलणं म्हाताऱ्या डिव्हेनी मास्तरांच्या कानावर पडत होतं.

“गाडी आल्याशिवाय आगबोट सुटत नाही म्हणे! ती बघ, चालली. चल आई, घरी जाऊ.”

“घरी कशी येशील, पोरी? काल सगळ्या गावानं तुला रडून घेतलंय, मेलेल्याला रडतात तसं.”

“अमेरिकेला निघालेल्या प्रत्येकाला रडताच की तुम्ही! मी चांगली जिवंत आहे.”

“रडून झालेलं माणूस उंबऱ्यात परत आलं, तर घरातलं दुसरं कुणी जातं. तुझा धाकटा भाऊ अंथरुणावर आहे.”

“मग पुढच्या बोटीपर्यंत मी कुठं राहू?”

“इथंच. मी रोज बटाटे उकडून आणीन.”

“आणि बोलशील माझ्याशी?”

“बोलेन गं. फक्त नावानं हाक मारायला सांगू नकोस.”