वहीतली नावं

हवालदार : ...आणि इथे, तारखेच्या वर, तुमची सही. दोन मिनिटांचं काम आहे, ताई.

टेलरताई : वाचून दाखवा.

हवालदार : तुम्हाला वाचता येतं की.

टेलरताई : येतं. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय.

हवालदार : बरं. "मंगळवारची कारवाई गल्लीच्या शांतता समितीच्या पूर्ण संमतीने आणि रहिवाशांच्या सहकार्याने, बळाचा वापर न करता पार पडली."

नणंद : सहकार्य? माझ्या नवऱ्याला बनियनवर नेलं. दाढीचा साबण होता अर्ध्या गालाला. पुसूसुद्धा दिला नाही. ह्याला सहकार्य म्हणतात?

हवालदार : तुम्ही आत आहात हे मला ठाऊक नव्हतं, बाई.

नणंद : भावजयीच्या दुकानात नाही तर कुठे असणार? घरात बसून भिंती बघू?

टेलरताई : वन्सं, जरा थांबा. हवालदारसाहेब, ह्या कागदाची गरज कोणाला पडली?

हवालदार : साहेब म्हणू नका. दादा म्हणायचात.

टेलरताई : कोणाला पडली?

हवालदार : वरून चौकशी लागलीये. परवापासून पलीकडच्या चौकात टायर जाळतायत, रस्ता बंद आहे, काल दगडफेक झाली. पेपरात येतंय की पोलिसांनी लोकांना फसवून उचललं. वरचे म्हणतात, लोकांची संमती होती, दाखवा. म्हणून हा कागद. तुम्ही समितीच्या प्रमुख. तुमच्या शब्दाला वजन आहे.

टेलरताई : होतं.

हवालदार : अजूनही आहे.

टेलरताई : कालपासून ह्या दुकानात एक बाई आली नाही. समोरची तेवढी आली होती, ती अर्धवट शिवलेलं ब्लाउज परत घेऊन गेली. बाहीवरच्या टाचण्यासुद्धा काढू दिल्या नाहीत. तसंच न्यायचं म्हणाली.

हवालदार : लोक दोन दिवस रागावतात, ताई.

टेलरताई : अकरा माणसं नेलीत तुम्ही. नऊ घरांतून. मधलं एकही घर चुकून ठोठावलं नाहीत. बरोबर तीच नऊ. सगळी माझ्या वहीतली.

हवालदार : वही समितीची होती.

टेलरताई : अक्षर माझं होतं. घरोघर फिरले मी. लोक म्हणायचे, पोलिसांना नावं कशाला द्यायची, आपण बाहेरून आलेली माणसं, आपले कागद अर्धे. मी म्हटलं, अहो, हा माणूस वेगळा आहे. दंगलीच्या दिवशी हातात नुसती काठी घेऊन गल्लीच्या तोंडाशी एकटा उभा होता. दोनशे माणसं "हाकला यांना" ओरडत आली होती, तरी हलला नाही. कपाळाला चार टाके पडले त्याच्या. हे मी प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं.

हवालदार : ते खोटं नव्हतं.

टेलरताई : म्हणून तर लोकांना पटलं! खोटं असतं तर कोणी दार उघडलं असतं का?

नणंद : दार कोणी ठोठावलं मंगळवारी? मी न्हाणीत होते. आवाज तेवढा आला. "अहो, मी आहे, उघडा." ओळखीचा वाटला म्हणून हे लगेच उठले. तुम्हीच ना?

हवालदार : मला पुढे उभं केलं होतं. बाहेरून आलेली तुकडी होती, त्यांचा हुकूम होता. म्हणाले, तू हाक मार, म्हणजे दारं फोडावी लागणार नाहीत. मला वाटलं, त्यातल्या त्यात बरं. पोरंबाळं घाबरणार नाहीत.

नणंद : नऊच्या नऊ दारांवर तुम्हीच?

हवालदार : हो.

नणंद : आणि सगळ्यांनी उघडलं.

हवालदार : हो, बाई. सगळ्यांनी.

टेलरताई : माझ्या दारावर नाही आलात.

हवालदार : तुमचे कागद पूर्ण आहेत.

टेलरताई : मी दार उघडून मध्ये उभी राहिले असते. ते तुम्हाला माहीत होतं. म्हणून त्या सकाळी मला ठाण्यावर बोलावलंत. पडदे शिवायचेत, खिडक्यांची मापं घ्या, सातलाच या, नंतर साहेब खोलीत बसतात.

हवालदार : पडदे खरंच हवेत.

टेलरताई : आठ खिडक्या मोजल्या मी. चहा पाजलात. वरच्या मजल्यावरची राहिलीये म्हणालात, ती मोजली. टेप गळ्यात अडकवून मी परत आले तेव्हा गल्लीतल्या बायका रस्त्यात बसल्या होत्या, आणि मी ठाण्यावरून चालत येतेय हे सगळ्यांनी पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल?

हवालदार : तुमच्या अंगावर काही येऊ नये म्हणून केलं. त्या तुकडीतले लोक बायामाणसं बघत नाहीत. शपथेवर सांगतो, तुमच्या काळजीपोटी केलं.

टेलरताई : म्हणजे तुम्हाला आदल्या दिवशी माहीत होतं.

हवालदार : सोमवारी संध्याकाळी कळलं.

टेलरताई : सोमवारी संध्याकाळी तुम्ही ह्याच स्टुलावर बसला होतात. मुलीच्या गणवेशाची उंची वाढवून घेतलीत. एक शब्द बोलला असतात तर नऊ घरं हलली असती.

हवालदार : आणि माझी नोकरी? माझ्या घरात सहा माणसं खातात, ताई. पुन्हा दंगल झाली तर कुठल्या घरात कोण आहे ते कळावं म्हणूनच मी वही मागितली होती, देवाशप्पथ. ती वर जाईल, त्यातून कोणी याद्या काढेल, हे माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. माझाही त्यांनी केसाने गळाच कापलाय.

नणंद : तुमचा गळा तुमच्या जागेवर दिसतोय मला.

टेलरताई : सही केली नाही तर काय होईल?

हवालदार : तुम्हाला काही नाही. पण केलीत, तर... हे मी माझ्याकडून बोलतोय, साहेबांकडून नाही. ह्या बाईंच्या यजमानांची फाइल वर घेता येईल. त्यांचा राहण्याच्या परवान्याचा अर्ज आत पडूनच आहे. सुनावणी होईपर्यंत त्यांना सोडू शकतात.

नणंद : सोडतील? घरी?

हवालदार : शक्यता आहे.

नणंद : वहिनी, कर सही.

टेलरताई : वन्सं...

नणंद : कर ना! एक कागदच तर आहे. गल्ली आधीच आपल्याला शिव्या घालतेय, अजून दोन घालेल. तुझा भाऊ असता तर केली असतीस की नाही?

टेलरताई : हवालदारसाहेब, हेच ह्या कागदाखाली लिहून द्या. "सही मिळाल्यावर अमुक माणसाला सोडू." तुमचं नाव, तुमचा नंबर. मग मी करते.

हवालदार : असं लिहून कसं देणार?

टेलरताई : मी नऊ घरांना असंच तोंडी सांगितलं होतं, काही होणार नाही म्हणून.

हवालदार : माझ्या हातात नाही, ताई. शब्द टाकीन एवढंच म्हणतोय.

नणंद : शब्द टाकणार. वर. ज्यांनी तुमचा गळा कापला त्यांच्याकडे.

हवालदार : बाई...

नणंद : मला एक सांगा. माझ्या नवऱ्याने नाव दिलंच नव्हतं. वहिनी दारात आली होती वही घेऊन, ते हात जोडून म्हणाले, माझा परवाना संपलाय, मला यातून वगळा. माझ्यासमोर म्हणाले. मग वहीत ते आले कसे?

हवालदार : ते... वहीत होतं. मला तेवढंच माहीत.

नणंद : कोणी घातलं? तुम्ही?

हवालदार : मी निघतो, ताई. कागद ठेवून जातोय. उद्या दुपारी माणूस पाठवतो.

टेलरताई : पाठवू नका. कागद घेऊन जा. आणि वन्संना उत्तर न देता निघालात, ते माझी लाज राखायला, हे मला समजलं. त्याचीही गरज नाही. माझ्या काळजीपोटी आता काहीसुद्धा करू नका.

(हवालदार कागदाची घडी करून खिशात घालतो आणि जातो.)

नणंद : समजलं म्हणजे? काय समजलं?

टेलरताई : मी लिहिलं, वन्सं.

नणंद : काय?

टेलरताई : भाऊजींचं नाव. ते नको म्हणाले, मी बरं म्हटलं, आणि घरी येऊन लिहिलं. दंगलीत तो माळ्यावरचा म्हातारा होरपळून गेला, आठवतंय? बंबवाले खालून ओरडून विचारत होते, आत कोणी राहिलंय का? आणि कोणालाच माहीत नव्हतं की तिथे माणूस राहतो. तुमच्या घरी तीन माणसं आहेत आणि वहीत दोनच, हे मला बघवेना. उद्या आग लागली तर दोघींना बाहेर काढतील आणि दार लावून घेतील, असं वाटायचं.

नणंद : पुढे काय लिहिलंस?

टेलरताई : रकाना होता एक. कागद पूर्ण की अपूर्ण. खोटं कसं लिहू? अपूर्ण लिहिलं.

नणंद : मंगळवारपासून माझ्या पोरीला तू घास भरवतेयस. माझ्या शेजारी झोपतेस. चार दिवस.

टेलरताई : रोज सांगायचं ठरवत होते.

नणंद : तो हवालदारही असंच म्हणेल. आदल्या संध्याकाळी सांगायचं ठरवत होता.

टेलरताई : हो.

नणंद : काळजीपोटी.

टेलरताई : हो, वन्सं.

नणंद : ह्यांना वाटतंय, मालकाने चुगली केली. बेकरीचा मालक. परवा जाळीपलीकडून मला तेच म्हणत होते. बारा वर्षं ज्याच्याकडे काम केलं, त्या माणसाला शिव्या देत होते.

टेलरताई : मी काय करू ते सांगा. गल्लीत प्रत्येक दारी जाऊन सांगते, माझं अक्षर होतं म्हणून. जोडे मारले तरी चालतील.

नणंद : गल्लीचं तुझं तू बघ. आज चारला ह्यांची भेट आहे. एकालाच आत सोडतात. हा डबा घे, हा शर्ट घे. पास माझ्या नावावर आहे, तो बदलून घे खिडकीवर.

टेलरताई : मी? अहो, ते तुमची वाट बघत असतील.

नणंद : असू दे. तू जा, आणि त्यांच्यासमोर उभी राहून सांग, नाव कोणी लिहिलं.

टेलरताई : आणि तुम्ही?

नणंद : मी पोरीला शाळेतून आणते. आणि वहिनी, ते काय म्हणाले, ते मला येऊन सांगू नकोस.