केळुसकरांचा आक्षेप

सुनंदावहिनी, वाचनालयाचे सभासद, केळुसकरांचे ऑफिसातले सहकारी, आणि उरणच्या बाजूने एसटी बदलत आलेली म्हात्रे मंडळी,

तुम्ही मला मोर्च्यात ऐकलंय. जमिनीच्या लढ्यात ऐकलंय. तिथे माझा आवाज कधी अडला नाही. माईक बंद पडला तरी अडला नाही. आज माईक चालू आहे आणि मला पहिलं वाक्य सापडत नाही.

तिसऱ्या रांगेतली भिंतीकडची ती खुर्ची केळुसकरांची. पंख्याखाली ते बसत नसत, सर्दी व्हायची. आज सभागृह भरलंय, मागे माणसं उभी आहेत, पण त्या खुर्चीवर कोणी बसलेलं नाही. कोणी कोणाला सांगितलेलं नाही. तरी नाही बसलं.

मित्रांनो, अरविंद केळुसकर काय काम करत होते, हे त्यांच्या नवीन पनवेलच्या सोसायटीतसुद्धा फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. सरकारी नोकरी, मुंबईला ऑफिस, एवढंच. ते पेटंट परीक्षक होते. एखादा म्हणतो, मी नवं काही शोधलंय, त्याचा हक्क मला द्या. मग ते खरंच नवं आहे का, हे तपासायचं. जगात आधी कुठे कोणी केलंय का, ते धुंडाळायचं. आणि माणूस जेवढं मागतोय तेवढं त्याने खरंच शोधलंय का, ते बघायचं. सगळी हयात त्यांनी हेच केलं.

आणि त्यांचा मित्र कोण? मी! पेटंट या शब्दाचा उघड शत्रू. जागतिक व्यापाराच्या कराराविरुद्ध या तालुक्यात गावोगाव सभा घेणारा. शेतकऱ्याच्या बियाण्यावर कोणी मालकी सांगेल, औषधावर सांगेल, उद्या आपल्या हळदीवर सांगेल, असं ओरडून सांगणारा. मी आजही तेच म्हणतो. ज्ञान कोणाच्या बापाचं नाही! हे मी केळुसकरांच्या घरी, त्यांच्याच सोफ्यावर बसून, त्यांचाच चहा पीत म्हणायचो. ते काय करायचे? बशी पुढे सरकवायचे. म्हणायचे, "अप्पा, खारी घ्या. मऊ पडतेय."

वादात कधी आवाज चढवला नाही. पण माझ्या ठरावाच्या मसुद्यात 'सर्व' हा शब्द आला, की चष्मा काढायचे. "सर्व म्हणजे कोण कोण, अप्पा?" मी चिडायचो. म्हणायचो, अहो केळुसकर, सभेत असंच बोलतात. ते म्हणायचे, "सभेत बोला. लिहू नका."

आता प्रवीणबद्दल बोलतो. प्रवीण, लाजू नकोस. बस.

प्रवीण म्हात्रे हा आमच्या बाळारामचा मुलगा. बाळाराम मिठागरात राबलेला माणूस. बंदर आलं, जमीन गेली, लढ्यात बाळाराम माझ्या शेजारी रस्त्यावर बसला. प्रवीण शिकला आणि बंदराच्या कामाचे कागद करणाऱ्या एका एजंटाच्या ऑफिसात लागला. तिथे काम काय? जहाज कंपन्यांच्या कागदांवरची माहिती संगणकात टाइप करायची. प्रत्येक कंपनीचा छापील नमुना वेगळा. एकीचं वजन वरच्या कोपऱ्यात, दुसरीचं खाली. दिवसभर तेच. या पोराने त्यावर प्रोग्राम लिहिला. कागदाचं चित्र यंत्रात घ्यायचं, यंत्राने ते कोऱ्या नमुन्यांशी ताडून बघायचं, हा कागद अमुक कंपनीचा असं ओळखायचं, आणि मग नेमक्या चौकटीतला मजकूर उचलायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पण आपले कागद कसे असतात? शिक्क्यावर शिक्का. फॅक्सने ताणलेले. वाकडे. यंत्र गोंधळायचं. प्रवीणने यावर स्वतःची युक्ती काढली. शिक्क्याखाली दडलेल्या रेषा यंत्राने सोडून द्यायच्या, उरलेल्या चौकटींच्या कोपऱ्यांवरून कागद ओळखायचा, आणि जेवढा ताणला गेलाय तेवढाच परत आवळून घ्यायचा.

मी ते डोळ्यांनी पाहिलं. आणि पेटंटचा हा शत्रू, तुमचा अप्पा, बाळारामला म्हणाला, याचं पेटंट घ्यायलाच पाहिजे! हसा. केळुसकरही हसले असते.

अर्ज लिहायला बसलो ते बाळारामच्या ओटीवर. मागणी काय करायची? बाळारामने लढ्यातला धडा सांगितला. "मागताना सगला माग. ते कापनारच हायेत. थोरा मागशील तं थोरा पन नाय भेटनार." खरं होतं ते. जमिनीच्या बाबतीत आम्ही सगळे हेच शिकलो होतो. मीही मान डोलावली. आणि अर्जात मागणी गेली: कोणत्याही कागदाचं चित्र कोणत्याही नमुन्याशी कोणत्याही रीतीने ताडून बघण्याचा हक्क. प्रवीणची खरी युक्ती आत कुठेतरी एका परिच्छेदात राहिली.

वाट पाहिली. मग पेटंट ऑफिसचं पत्र आलं. पानंच्या पानं आक्षेप. ही मागणी फार व्यापक आहे. कागदावर कागद ठेवून पडताळणं ही जुनीच रीत आहे. नुसत्या प्रोग्रामला पेटंट नाही, यंत्र नेमकं काय करतं ते सांगा. अर्जदाराने स्वतः काय शोधलं ते स्पष्ट करा. ठरलेल्या मुदतीत उत्तर द्या.

आम्ही ते पत्र कसं वाचलं? निकालासारखं. नापास! बाळाराम म्हणाला, "पोराचा कागद फेकला, अप्पा. आपली पोरां त्यांना चालत नाय." प्रवीणने संगणकावर कापड घातलं आणि एजंटाकडे परत टायपिंगला लागला. त्याच्या आईने, पार्वतीबाईंनी मला विचारलं, "अप्पा, आमचा पोरगा चोर हाय काय? त्यानं दुसऱ्याचा उचलला, असा लिवलाय ना त्यांनी?" बायांनो, बाप्यांनो, जमीन गेली तेव्हा ही बाई रडली नव्हती. तेव्हा रडली.

मी पेटलो. तडक केळुसकरांच्या घरी गेलो. पत्र त्यांच्यापुढे नाचवलं. "कोण हा तुमच्या ऑफिसातला दीडशहाणा? नाव सांगा. पनवेलहून मोर्चा आणतो त्याच्या दारात!"

केळुसकरांनी पत्राला हात लावला नाही. मान फिरवली. म्हणाले, "अप्पा, ते आधी खिशात ठेवा. मला दाखवू नका."

"का? भाऊबंद म्हणून पाठीशी घालताय?"

"ऑफिसातल्या अर्जाबद्दल मी घरी बोलत नाही."

"मग मी काय करू? घोषणा लिहू?"

"लिहा," म्हणाले. "पण उत्तराची मुदत काय आहे, तेही वाचा."

वहिनींनी तेवढ्यात चहा आणला, म्हणून मी थांबलो. त्या दिवशी मी खारी न खाता निघालो. माझ्या मानाने हा मोठाच निषेध.

पुढच्याच आठवड्यात ते वाचनालयात आले. म्हणाले, मी वरिष्ठांची परवानगी घेतलीय, इथे एक व्याख्यान देतो. विषय, आक्षेपाचं पत्र कसं वाचावं. मी म्हटलं, केळुसकर, या विषयाला कोण येईल? ते म्हणाले, "तुम्ही बोलावलंत तर येतील. सगळ्यांना बोलवा. मला कोणा एकासाठी बोलता येणार नाही."

तेव्हाही माझी ट्यूब पेटली नव्हती. पण मी म्हात्रे कुटुंबाला घेऊन आलो.

केळुसकर इथेच उभे होते. टेबलावर काय आणलं होतं, आठवतंय? विळी! घरातली, नारळ खवायची. वहिनी, तुमचीच ना ती? सभागृह हसलं. ते गंभीर. म्हणाले, "समजा, मी या खवणीचा एक नवा दाता शोधला. असा वळवला की करवंटीचा काळा भाग खोबऱ्यात येत नाही. मी अर्ज केला. मागणी केली, नारळ खवण्याचे सर्व हक्क मला द्या. तुम्ही ऑफिसर आहात. काय कराल?"

मागून पार्वतीबाई ओरडल्या, "तुजा तोंड धुवून ये, सांगीन! नारल खवायचा हक कोन कोनाला देतंय? आमी काय तुला इचारून नारल खवायचा?"

लोक टाळ्या पिटायला लागले. केळुसकर प्रथमच हसले. म्हणाले, "बरोबर. पण बाई, तो नवा दाता? तो मी खरंच केलाय."

पार्वतीबाई थांबल्या. म्हणाल्या, "तो तुजा. दाता तुजा. नारल आमचा."

मंडळी, पेटंटवर मी ढीगभर पुस्तकं वाचली आहेत. दोन्ही बाजूंची. या वाक्यात जेवढं आहे तेवढं मला कुठे सापडलं नाही.

केळुसकर म्हणाले, "आता ऑफिसने तुम्हाला लिहिलं, मागणी फार मोठी आहे. याचा अर्थ तुम्ही चोर आहात असा नाही. तुम्ही नापास झालात असाही नाही. ऑफिस विचारतंय, तुमचा दाता कुठला? तो दाखवा, आणि नारळ सोडा."

प्रवीण तिसऱ्या रांगेच्या कडेला बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो ऐकत नव्हता. हातातल्या कागदाच्या मागच्या बाजूवर चौकटी काढत होता.

उत्तर मुदतीत गेलं. या वेळी 'सर्व' नाही, 'कोणतंही' नाही. चित्र घेणारं यंत्र, शिक्क्याखालच्या रेषा सोडणं, कोपरे धरणं, ताण काढणं. बाळाराम कुरकुरला, "एवराच? एवराच मागतोस?" प्रवीण म्हणाला, "बाबा, एवराच माजा हाय."

मला केव्हा समजलं? त्यांना पोचवायला गेलो तेव्हा, स्मशानात. केळुसकरांचे एक सहकारी, ते इथे बसलेत, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अप्पा म्हणतात ते तुम्हीच ना? तुमच्यामुळे साहेबांनी एकदा एक फाईल वरिष्ठांकडे परत केली होती. म्हणाले, आक्षेप मी काढलेत, पण हा मुलगा माझ्या मित्राच्या ओळखीचा निघाला. पुढचं दुसऱ्याने बघावं."

आक्षेप मी काढलेत! ज्याच्या दारात मी मोर्चा नेणार होतो त्याच्याच दारात मी बसलो होतो. त्याने माझ्या शिव्या ऐकल्या, मला चहा दिला आणि एक अक्षर बोलला नाही.

पण मित्रांनो, मला आणखी एक गोष्ट समजली, ती जास्त मोठी आहे. मी सभांत काय ओरडत होतो? सगळ्यांचं आहे ते एकाच्या नावावर करू नका. आणि केळुसकर त्या टेबलापाशी काय करत होते? तेच! कागदाशी कागद ताडून बघणं हे तलाठी करतो, पोस्टातला करतो, वहिनी लग्नासाठी पत्रिका जुळवताना करतात. ते एकाच्या नावावर होऊ द्यायचं नाही, मग तो आपल्या बाळारामचा मुलगा का असेना. आज त्याला दिलं असतं, तर उद्या परदेशातली बलाढ्य कंपनी तेवढंच मागायला उभी राहिली असती, आणि कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होतो आपण? मी रस्त्यावर उभा राहून राखत होतो, ते खुर्चीत बसून राखत होते. फरक एवढाच की माझ्या गळ्यात हार पडायचे आणि त्यांना शिव्या. आणि त्या शिव्या देणारा मीच.

अशी माणसं सरकारी खुर्चीत असतात, हे मान्य करायला माझ्यासारख्याला जड जातं. आज मी ते जाहीरपणे मान्य करतो.

शेवटच्या आजारात प्रवीण त्यांना इस्पितळात भेटायला गेला. निर्णय आला नव्हता. पोरगं बिचारं म्हणालं, "सायेब, आमच्या अर्जाचं..." केळुसकरांनी हात वर केला. बोलायला धाप लागत होती. "ते नको. दुसरं बोल. वडील कसे आहेत? आई काय म्हणते?" प्रवीण म्हणाला, "पन ती फाईल काय तुमच्याकरं नाय ना." ते म्हणाले, "ऑफिसात आहे ना? मग नको." आणि त्याचा हात धरून पडून राहिले. वहिनी सांगत होत्या, बराच वेळ सोडला नाही.

ते गेले, आणि दहाव्याच्या आत प्रवीणला पत्र आलं. अर्ज मान्य झालाय. अजून राजपत्रात छापून यायचाय, कोणाची हरकत असेल तर ती ऐकली जाईल, शेवटचा शिक्का बाकी आहे. केळुसकर असते तर त्यांनी मला हेही नीट सांगायला लावलं असतं. पण मान्य झालाय. मागितलं तेवढं. एवढंच मागितलं होतं, तेवढंच.

काल संध्याकाळी प्रवीण आईवडिलांना घेऊन केळुसकरांच्या घरी गेला. मी सोबत होतो. फोटोसमोर समई होती. प्रवीण उभा राहिला, पत्र हातात, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. बाळाराम म्हणाला, "सांग ना रं." तो हलेना. इतक्या दिवसांची सवय. त्यांच्यापुढे हा विषय काढायचा नाही.

तेव्हा सुनंदावहिनी आतून आल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता सांग, बाळा. आता ते ऑफिसात नाहीत. आता त्यांना ऐकता येईल."

आणि प्रवीणने सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. शिक्के, रेषा, कोपरे, सगळं.

मंडळी, मला याच्यापुढे बोलता येणार नाही. घोषणा नकोत. हार नकोत. उभे राहू या, आणि त्यांच्यासाठी थोडा वेळ गप्प राहू या.