बाकावर तिसरा दिवा

...नाही दादा, शिडी बाकापाशी नका लावू, तिथं दोन दिवे आहेत की, तिसरा कशाला — नकाशा? तो बाबांनी काढलाय. बाग समितीचे अध्यक्ष ना ते, समोरच्या गॅलरीत बसून काढला, म्हणून सगळे खांब गॅलरीतून दिसतील तिथंच. अंधार पडल्यावर येऊन बघा एकदा. त्या पांढऱ्याफटक उजेडात बाकावरचं माणूस बर्फावर मांडलेल्या माशासारखं दिसतं — शिसारी येते. आणि वर पाच काका ओळीनं, हातात चहाचे कप, कोण कुणाला चिकटून बसलंय ते बघतायत. कशासाठी म्हणे? मुलींच्या सुरक्षिततेसाठी. मुली घरी येतात बसथांब्याकडच्या पायऱ्यांवरून, तिथं ठार काळोख. पण पायऱ्यांवर कुणी बसत नाही ना, मग काका बघणार काय?

हसू नका. माझी आई पडलीय तिथं, मनगट मोडलं. बाबा म्हणाले, बघा, दिवे हवेतच — आणि तिच्या प्लास्टरच्या नावानं मंजूर करून घेतले ते बाकावर. लाज कशी नाही वाटत या लोकांना? आई अजून पायऱ्या मोजत चढते. बावीस आहेत. त्या दिवशीही मोजतच होती, अठरा झाल्या, वर उजेड दिसला, म्हणून मोजणं सोडून पाय उचलला — आणि उजेड गेला.

कुठला उजेड म्हणजे? हो, दिवे नंतर आले, बरोबर. मोबाइलचा. बाकावर दोघं होती कुणीतरी, टॉर्च लावून एकमेकांचे फोटो काढत — पायऱ्यांवर आईचा खोकला ऐकला आणि बंद केला. म्हणजे, खोकला ओळखला तिनं. त्यांतल्या मुलीनं. तो मागच्या फाटकानं पळाला, आणि ती... ती बसून राहिली. आईनं दोनदा हाक मारली, कुणी आहे का म्हणून. बसूनच राहिली ती.

मला कसं माहीत?

तुम्ही शिडी उचला आधी. पायऱ्यांवर लावा तो दिवा, अगदी वरच्या टोकाला. बाबांना मी बघते, आरडाओरडा करतील तर करू देत. साडेसहाला आई येते, त्याच्या आत झालं पाहिजे. आणि माझ्याकडे असं बघत उभे राहू नका. जा.