भामाची कोयती

सरसावून बसा मंडळी, आणि आधी मला उत्तर द्या! भेंडी घेताना शेंडा मोडून बघता की नाही? बघता! माठ घेताना टिचकी मारून, कान लावून बघता? बघता! दुकानदार ओरडला तरी बघता! मग एखादी बाई कोयती पारखून घ्यायला लागली, तर सगळ्या बाजाराला हसू का फुटावं? ज्या हाताने वस्तू धरायची, त्या हाताला ती निवडायचा हक्क आहे की नाही? — गप्प का? पेटीवाले, तुम्ही तरी सांगा! नाही सांगत. घरी विचारून सांगणार ते! असू दे.

समुद्रकाठी कासारवेळी नावाचं गाव. तिथली ही भामा मयेकर. नवरा शशिकांत, पाडेली — म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. कमरेला मागे लाकडी आकडी बांधायची, आकडीत कोयती अडकवायची आणि सरसर वर! एका हाताने माड धरायचा, दुसऱ्या हाताने मागे न बघता कोयती काढायची, घाव घालायचा, पुन्हा अडकवायची. आपल्याला इथे बसल्याबसल्या स्वतःची पाठ खाजवता येत नाही!

तर एक दिवस वर घाव घातला — आणि मूठ राहिली हातात, पातं गेलं खाली! शशिकांतचा तोल गेला. माडाच्या आळ्यात चिखल होता म्हणून जीव वाचला हो, पण गुडघा कायमचा गेला. आणि ती कोयती कशी होती माहितीय? नवीकोरी! तोंड दिसेल अशी चकचकीत!

आता चूल पेटायची कशी? भामा म्हणाली, "मी चढते." दोन महिने परसातल्या माडावर शिकली. शशिकांत खाली खाटेवरून ओरडतोय, "पाय घट्ट धर! खाली बघू नकोस!" आणि ती वरून, "तुम्ही आधी गप्प बसा, तुमच्या ओरडण्याने तोल जातो माझा!"

शिकली, आणि गेली तात्या परांजप्यांकडे. साठ माडांची बाग, शशिकांतचंच काम होतं ते. तात्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सरळ नाही म्हणाले नाहीत. मोठी माणसं सरळ नाही म्हणतात का कधी? म्हणाले, "स्वतःची कोयती आहे? मागून आणलेल्या हत्यारावर मी कुणाला चढवत नाही. उद्या सकाळी घेऊन ये. नाहीतर काम बाहेरगावच्या माणसांना देतो." मनात म्हणाले, टळली ब्याद!

भामा तडक बाजारात. बंडूशेठचं लोखंडी सामानाचं दुकान. पदराच्या गाठीला सहाशे रुपये, आणि ते संपले की घरात दुसरे नाहीत.

"शेठ, कोयती दाखवा."

"कोयती? वहिनी, विळी दाखवतो की! नारळ खोवायच्या पात्याची!"

दुकानात चार टाळकी बसलेली. हसली खी खी. भामा म्हणाली, "विळी आहे घरी. कोयती."

शेठने तीन काढल्या. लांबी सारखी, बाक सारखा, वजनही जवळपास तेच. पहिली चकाकणारी, खोक्यातली. दुसरी तिचीच बहीण, मुठीला लाल रंग. तिसरी काळी, घणाचे घाव दिसणारी, मूठ ओबडधोबड. बघून वाटावं, ही फुकट दिली तरी नको!

"पहिली घ्या. बरोब्बर सहाशे. शोभून दिसेल."

मंडळी, माडावर शोभा बघायला कोण येतं? कावळे!

भामाने धार पाहिली नाही. धार दगडावर घासून आणता येते. तिने कोयती उलटी केली आणि मुठीचं बूड पाहिलं. बुडाला पितळी टोपी.

"ही टोपी काढा."

"का?"

"पात्याची शेपूट मुठीतून आरपार आलीय की मध्येच संपलीय, ते बघायचंय मला."

"आरपारच असते हो!"

"मग काढायला काय जातं?"

"टोपी काढली तर ती मी विकू कुणाला?" शेठ तापला. "इतकी वर्षं धंदा करतोय, कुणी टोपी काढायला लावली नाही!"

"इतक्या वर्षांत कुणाचा नवरा पडला नसेल," भामा म्हणाली. "माझा पडलाय. ती मूठ घरी ठेवलीय मी. आत शेपूट बोटभरसुद्धा नव्हती. वरून टोपी होती, अशीच."

हसू थांबलं बरं का!

दुसरीलाही टोपी. बाजूला सारली. तिसरीला टोपी नव्हतीच. काळं लोखंड आरपार आलेलं, टोक ठोकून वाकवलेलं, उघडं, कुरूप, सगळ्यांना दिसेल असं.

"हीच द्या."

"साडेसहाशे," शेठ म्हणाला. "हाताने घडवलेली आहे. एक पैसा कमी नाही."

पन्नास कमी! आता? रडायचं? हात जोडायचे? भामाने बाहेर बोट केलं. "दारातला माड कुणाचा?"

"माझाच. पाडेली मिळत नाही. परवा एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरवर नारळ पडला!"

"मी पाडते. पन्नास त्यात वळते करा."

असं म्हणून पिशवीतून आकडी काढली, भर बाजारात कमरेला बांधली! त्या गावात कुठल्या बाईने आकडी बांधली नव्हती. एकजण ओरडला, "अगं, लाज वाटते का?" भामा म्हणाली, "उपाशी बसायची वाटते. कामाची नाही वाटत." साडी खोचली — खाली नवऱ्याची हाफपँट! — आणि चढली. मधे पाय सटकला एकदा. सावरली. घावामागून घाव, धप्प धप्प घड खाली. मूठ तसूभर हलली नाही.

खाली आली तोवर शेठ नाव कोरायचं मशीन घेऊन तयार. भांड्यांवर घालतात ना नाव, तेच. "यजमानांचं नाव? शशिकांत ना?"

"माझं घाला."

"तुमचं?"

"चढणार मी, पडले तर हाड माझं मोडणार. मग नाव कुणाचं? भामा. आडनाव नको, मयेकर गावात चाळीस आहेत."

सकाळी तात्या दारात उभे. "कुणाची मागून आणलीस?" तिने पातं पुढे केलं. तात्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. "आणि पडलीस तर?"

"शशिकांत पडले तेव्हा तुम्ही विचारायला आला नाहीत, तात्या. आता आधीच कशाला विचारता?"

तात्यांनी चष्मा काढून मिटला. मग म्हणाले, "विहिरीकडच्या माडापासून सुरू कर."

थांबा! टाळ्या नकोत. टाळ्या वाजवून सुटायचं नाही आज! घरी जा, फडताळातली परात काढा, हंडा काढा, त्यावरची नावं वाचा. ज्याने जन्मात परात उचलली नाही, त्याचं नाव! आणि जिने घासून घासून ती अक्षरं पुसट केली, तिचं कुठे आहे? देव सगळ्यांचा आहे म्हणता, मग देवाने दिलेला हात तिचा नाही?

उद्या तिला बाजारात न्या. तिला वस्तू उलटून, ठोकून, टोपी काढून बघू द्या. मशीनवाला नाव विचारेल तेव्हा तुम्ही तोंड मिटून उभे राहा. ती सांगेल ते नाव नीट कान देऊन ऐका — लग्नापासून आजवर "अगं ए" म्हणत आलात ना, तिचं खरं नाव तर हे आहे!