भूतानमधली आगगाडी

परदेशी मदत म्हटली की ती आपणच घेतो, असं वाटतं ना तुम्हाला? अहो, सत्तरच्या दशकात आपलं सरकार भूतानच्या शाळांना पैसे, पुस्तकं आणि शिक्षक पुरवत होतं. त्या शिक्षकांत मीही होते, नाशिक रोडची.

पुस्तकं आपल्याकडचीच होती. पहिल्याच गणितात दोन आगगाड्या समोरासमोरून येत होत्या. सगळा वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. शेवटी पेमा नावाच्या मुलीनं विचारलं, "मिस, आगगाडी म्हणजे काय?"

मी म्हटलं, "चला मैदानावर!" एकमेकांचे कपडे धरायला लावून मुलांच्या दोन गाड्या केल्या, शिट्टी मारली आणि दिल्या सोडून. हेडमास्तर धावत आले.

"बाई, हे काय चाललंय?"

"गणित."

"मुलं नापास झाली तर तुम्हाला परत पाठवतील!"

"होणार नाहीत," मी म्हटलं.

वर्षअखेरीस दिल्लीहून एक साहेब आले, आपला पैसा कुठं जातोय ते बघायला. त्यांनीही आगगाड्यांचंच गणित घातलं. पेमानं झटकन बरोबर उत्तर दिलं. साहेब चकित झाले.

"तू आगगाडी पाहिलीयस कधी?"

"नाही सर," पेमा म्हणाली, "पण मी इंजिन होते."