तुळयांवरचे आकडे

सौदीतल्या कतीफमध्ये इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, मेडिकलसाठी बसलो होतो. मागच्या बाकावर दोघे सुतार बोलत होते, एक वयस्क, एक तरुण. बोलण्यावरून राजापूरकडचे.

"मेस्त्री, ते मोत्यांच्या व्यापाऱ्याचं जुनं घर झालं दुरुस्त?"

"झालं. आता तिथे म्युझियम होणार. छताच्या तुळया मीच उतरवल्या, साफ केल्या, परत चढवल्या."

"लाकूड कसलं?"

"सागवान. आपल्याकडचं."

"कशावरून?"

"प्रत्येक तुळईवर पटाशीने आकडा कोरलेला. मराठी आकडे, ज्ञानेश. पहिलीवर तर आधी श्री."

"म्हणजे आपल्याच कोणी सुताराने?"

"शंभर वर्षांमागे आला असेल गलबतातून."

"फोटो काढलात ना?"

"रंधा मारला."

"मेस्त्री!"

"अरे, वाचता आले म्हणून नवलच वाटलं नाही. गावच्या कारखान्यात आपण घालतो तसेच आकडे. बाबा सांगायचे, काम हातावेगळं करताना सुताराची खूण दिसता कामा नये. हात आपसूक चालला. शेवटची तुळई चढवताना डोक्यात आलं, आपण सौदीत आहोत, गावात नाही."

"कोणाला बोललात?"

"परवा म्युझियमची बाई आली होती. म्हणाली, हे घर कोणी बांधलं ते कुठल्याच कागदात मिळत नाही. लाकडावर काही लिहिलेलं होतं का?"

"मग?"

"म्हटलं, ला, नाही मॅडम. लाकूड कोरं होतं."