न चुकणारं काम

एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या खिडकीजवळ, माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एक चारठाण्याच्या गौराबाई, इथल्या जुन्या पेशंट. दुसरी बोरीची निकिता, आज पहिल्यांदाच आलेली.

“मावशी, माझे किती दिवस राहिलेत, ते इचारायचं हाय आत.”

“रडू नको, माय. माझी लेक शाळेत व्हती तवापासून गोळ्या खाते मी. आता तिला लेकरू झालं.”

“पर रोज गोळी, जन्मभर? माझ्या ध्यानात न्हाई राहायचं.”

“मीबी असंच म्हणले व्हते. तवा हितल्या मॅडमनं इचारलं, तुमचं रोजचं कोणतं काम कधीच चुकत न्हाई? म्हणलं, लिंगपूजा. तिच्याबिगर आमी घास घेत न्हाई. मॅडम म्हणल्या, मग पूजा झाली की गोळी.”

“कधीच चुकली न्हाई?”

“लेकीच्या बाळंतपणाला तिच्या गावी गेले, अन् गोळ्या न्यायला यायचंच राहिलं. मॅडमचा फोन आला. रागावल्या न्हाईत. नात झाली का नातू, ते आधी इचारलं. मग तिथल्याच दवाखान्यातून गोळ्या मिळवून दिल्या.”

“आमच्या घरी पूजा सासू करती.”

“मग तुझं काय चुकत न्हाई?”

“म्हशीची धार. दुसऱ्याला हात लावू देत न्हाई ती.”

“झालं की मग. सांजची धार काढून हात धुतले की गोळी.”

आतून निकिताचं नाव पुकारलं. ती उठली आणि दारापाशी थांबली.

“मावशी, अन् म्हैस आटली मंजी?”

“दुसरी घे. लय वर्षं खायच्यात तुला गोळ्या.”